तासाभराची काच

जंत ओळखायच्या नव्या पट्टीची परीक्षा आमच्या अकोल्याच्या प्रयोगशाळेत चालली होती, आणि परीक्षक कोण, तर मी! ज्याच्या तोंडून अख्ख्या जिल्ह्यानं एक सरळ वाक्य ऐकलेलं नाही, तो. नियम असा: विष्ठेचा थोडा नमुना पट्टीवर, थोडा काचेवर. सूक्ष्मदर्शकात मला अंडी दिसली तर जंत आहेत, नाही दिसली तर नाहीत. पट्टी वेगळं बोलली, तर चूक पट्टीची.

पातूरकडच्या एक मावशी डबी घेऊन आल्या. अनवाणी शेतात निंदणाला जाणाऱ्या, नखं चुन्यासारखी पांढरी.

"भाऊ, चार पावलं चालली का दम लागते मले. पोटात काई असन तं सांगजा."

"मावशी, जंताचा मेलेला आजाही माह्या नजरेतून सुटत नाई!"

हसल्या बिचाऱ्या.

काच तयार केली नि चहाला गेलो. तिथं गोष्ट काढली, की माझ्या आजोबांच्या पोटातून निघालेल्या जंताचा दोर करून गावानं उन्हाळाभर विहिरीचं पाणी शेंदलं. ऐकणारे रंगले, मी त्याहून रंगलो. परतलो तेव्हा तास कधीच उलटला होता. अनवाणी पायांतून शिरणाऱ्या जंताची अंडी काचेवरच्या औषधात तासाभरात विरून जातात, हे नव्या लोकांना मीच शिकवतो. काच कोरी. पट्टीवर मात्र ठसठशीत रेघ. तरी मी नियमावर बोट ठेवून लिहिलं: अंडी नाहीत, पट्टी चुकली. मावशी गोळीविना घरी गेल्या.

दोन दिवस मी एकही थाप मारली नाही. बायकोनं ताप आला समजून कपाळाला हात लावला. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमपुढं उभा राहिलो.

"काच उशिरा पाहिली, मॅडम. पट्टी खरी होती."

"हा विहिरीच्या दोराचा दुसरा भाग का?"

मागं सगळे खिदळले. मी वही पुढं केली. काच केल्याची वेळ, पाहिल्याची वेळ. तेवढ्या दोन रकान्यांत मी कधी थाप मारली नव्हती. मॅडमनी वाचलं. हसणं थांबलं.

"आजच जा. ताजा नमुना आणा."

मावशी त्यांच्या घराच्या दारातच भेटल्या.

"चूक माही झाली, मावशी. पुन्ना डबी द्या."

"तुमीच तं म्हटलं काई नाई म्हून! आता कावून भेवाडता? थट्टेची सवयच हाय तुमाले," म्हणत त्या घागर घेऊन निघाल्या. नळापर्यंत तीनदा थांबल्या, भिंतीला हात लावून.

मी रिकामी डबी मांडीवर घेऊन त्यांच्या ओट्यावर बसलो. त्या परत आल्या की तेच पुन्हा सांगायचं होतं, एक शब्दही न सजवता.