बांबूकाकांना आधी कळायचं

लकी बांबू हा बांबू नसतोच. हे बांबूकाकांनी एकवीस वर्षांत हजारदा तरी सांगितलं असेल. समोरचा दर वेळी "असं होय" म्हणायचा आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा त्यांना बांबूकाकाच म्हणायचा. शेवटी त्यांनी नाद सोडला.

त्यांचं काम तसं साधं. एक रोपवाटिकेचा मालक ऑफिसांना भाड्याने झाडं द्यायचा आणि काका आठवड्यातून एकदा प्रत्येक ऑफिसात जाऊन ती सांभाळायचे. काचेच्या भांड्यातलं पाणी बदलायचं, खडे धुऊन पुन्हा बसवायचे, मुळं तांबूस आहेत ना ते बघायचं, पिवळं पान खुडायचं. एखादा दांडाच पिवळा पडला तर तो लगेच काढायचा, नाहीतर शेजारच्यांनाही नासवतो. नळाचं पाणी थेट घालायचं नाही. त्यातलं औषध उडून जावं म्हणून काका ते रात्रभर बादल्यांत उघडं ठेवायचे. त्यांच्या न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नसायची आणि कारभारीण म्हणायची, या घरात झाडांचं पाणी आधी आणि माणसांची आंघोळ मग.

ऑफिसातल्या शहाण्यांची गोष्ट निराळी. ते त्याच भांड्यात उरलेला चहा ओतायचे. एका साहेबांनी तर झाडाला ऊन मिळावं म्हणून ते खिडकीत ठेवून आठ दिवसांत भाजून काढलं, आणि झाडं कमकुवत देता म्हणून तक्रार वर. काका ऐकून घ्यायचे. उलट बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

पण या कामापायी त्यांना एक गोष्ट कळायची, जी न कळती तर बरं झालं असतं. ऑफिस बुडायला लागलं की सगळ्यात आधी झाडं जायची. वरची मंडळी खर्चाचा कागद घेऊन बसली की पहिली काट तिथेच, कारण झाड भांडायला येत नाही. मग कॉफीचं यंत्र जायचं, मग झाडलोट एक दिवसाआड व्हायची, मग माणसं. माणसांना कळायचं ते अगदी शेवटच्या आठवड्यात. काकांना दोन-तीन महिने आधी, मालकाच्या एका वाक्यात: "तिथली झाडं महिनाअखेरीला उचला." आणि त्याला जोडून दुसरं वाक्य, की तोंड बंद ठेवा, आपल्याला बाकीची ऑफिसंही टिकवायची आहेत.

मालकाने नसतं सांगितलं तरी काका तोंड बंदच ठेवत. त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी एका ऑफिसात नकाशे काढणारा एक गृहस्थ होता, दोन मुलांचा बाप. काकांना राहवलं नाही, त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगून टाकलं. त्याने घाईघाईने राजीनामा दिला आणि मिळेल ती नोकरी धरली, ती चार महिन्यांत सुटली. इकडे ते ऑफिस बुडालंच नाही. त्यांनी फक्त खरी झाडं काढून प्लॅस्टिकची आणली होती. तो गृहस्थ अजूनही रस्त्यात भेटला की थांबून "काका, बरे आहात ना?" असं विचारायचा. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे काका त्यानंतर प्रत्येक शब्द फुंकून बोलायला लागले.

या महिन्याच्या सुरुवातीला मालकाने ज्या ऑफिसचं नाव घेतलं, ते काकांनी त्याला पुन्हा एकदा विचारून घेतलं. तिथे दाराशीच स्वागताच्या टेबलामागे एक ताई बसायची. तिशी ओलांडलेली, चटपटीत. सगळ्या ऑफिसांत मिळून ती एकटीच अशी, की जिने काकांचं ऐकून स्वतःच्या टेबलावरचं झाड गार वाऱ्याच्या झोतातून हलवलं होतं. तिची आई घरी अंथरुणाला खिळलेली. ताई दुपारच्या सुट्टीत पाच मिनिटांवरच्या घरी धावत जायची, आईला कुशीवर वळवायची, भरवायची आणि परत यायची.

त्यानंतरच्या बुधवारी काका तिथे खडे धूत होते, तेव्हा तिनेच विषय काढला. एका हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर जागा निघाली होती, पक्की नोकरी. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. पण जायला दोन बस आणि तासभर, मग दुपारी आईकडे कोण बघणार? इथे पगार थोडा कमी आहे पण घर जवळ आहे आणि साहेब चांगले आहेत, असं ती सांगत राहिली.

"इथलं तसं कायमचंच आहे ना, काका?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी काकांची गत झाली. सांगावं तर तो नकाशेवाला डोळ्यांसमोर उभा राहिला. या वेळीही नुसती प्लॅस्टिकची झाडं येणार असतील तर? मग हिची आई दुपारभर एका कुशीवर पडून राहणार, ती कुणामुळे? न सांगावं तर समोर ही बसलेली. त्यांनी एक खडा उगाच तीनदा धुतला.

"कायमचं असं कुठे काय असतं, ताई," ते म्हणाले.

ती हसली. म्हातारी माणसं असं बोलतातच, असं तिला वाटलं असणार. काका जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बराच वेळ बसले. परत वर जायची त्यांची छाती झाली नाही.

पुढच्या बुधवारी तिने सांगितलं, हॉस्पिटलला नाही म्हणून कळवलं एकदाचं, डोकं हलकं झालं. काकांनी मान हलवली. त्या आठवड्यात त्यांना घास गोड लागला नाही. कारभारणीने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला तरी नक्की कुठे ठाऊक होतं? ते खरं होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. कारण त्याच बुधवारी, झाडं हलायच्या आधीच, कॉफीच्या यंत्राची जागा रिकामी दिसली होती.

महिनाअखेरीला काका खोके घेऊन गेले. भांड्यांतलं पाणी ओतून दांडे ओल्या कागदात गुंडाळत असताना ताई जवळ आली. तिचा चेहरा उतरला होता, पण तो काकांसाठी.

"वाईट वाटून घेऊ नका, काका. आम्ही अर्ज लिहिलाय. तुमचं काम काढू नये म्हणून."

तिने कागद पुढे धरला. खाली साऱ्या ऑफिसच्या सह्या होत्या. ज्यांना स्वतःचं काही ठाऊक नव्हतं, ती माणसं काकांची भाकरी वाचवायला निघाली होती. काकांनी कागद टेबलावर ठेवला. आता गप्प बसणं त्यांना जमेना.

"ताई, त्या हॉस्पिटलात पुन्हा एकदा विचारून बघा."

"ती जागा सोमवारीच भरली." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "का हो?"

"झाडांच्या मागोमाग माणसं जातात, ताई. मी खूप ठिकाणी बघितलंय. इथलं यंत्रही गेलं."

ती यंत्राच्या रिकाम्या जागेकडे वळली नाही. तिने फक्त विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. काकांना तेही जमलं नाही. "महिन्याच्या सुरुवातीला," ते म्हणाले. नकाशेवाल्याची हकिगत त्यांच्या ओठांवर आली होती, पण आता ती सांगणं म्हणजे तिच्याकडूनच माफी उकळणं झालं असतं, म्हणून त्यांनी ती गिळली.

ताईने घड्याळ बघितलं, आईच्या जेवणाची वेळ होत आली होती. पर्स खांद्याला लावली, आणि मग टेबलावरचा तो कागद उचलला.

"साहेब आता निघतील," ती म्हणाली. "तुमचा अर्ज तेवढा देऊन येते."

आणि ती आत गेली.