वाळूत गेलेला खेकडा

ये गं बाई, कागदावर का होईना, पण जवळ ये आणि कान इकडे कर. मला तुझ्यावर थोडं रागवायचं आहे. दुरून रागावलं तर गल्लीला वाटेल भांडण आहे, म्हणून जवळ बोलावते. "आठ दिवस ठेव आत्या" म्हणून तू ते तीन जीव माझ्या ओसरीत ठेवून गेलीस, त्याला दोन पावसाळे झाले. आणि यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फोनवर काय म्हणालीस? "आत्या, मेला असेल तो. फेकून दे." जिनं आणला तिनंच असं म्हणावं? एवढं बोलून तुला मीटिंगला जायचं होतं. पुढचं तुला माहीत नाही. ते आता सांगते, आणि तुझ्यासोबत जे वाचतील त्यांनाही कळावं म्हणून पहिल्यापासून सांगते.

तू मैत्रिणींसोबत पुरीला गेली होतीस. तिथे समुद्राच्या काठी एक माणूस जाळीच्या पिंजऱ्यात शंखातले खेकडे विकत होता. शंखांना लाल-निळा रंग फासलेला, एकावर तर क्रिकेटची बॅट काढलेली. तुला दया आली, तू घेतले. दया करणं चांगलंच आहे. पण दया तुझी आणि सांभाळणं आत्याचं, हा कुठला न्याय, सांग मला.

आपल्याकडे खेकडा कोणाला नवा आहे? आम्ही बालाघाटकडचे, धानाच्या गावातले लोक. पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, भोकात हात घालून खेकडे काढत मोठे झालो, रस्सा करून खाल्ला. म्हणून गल्लीतल्या बाया पहिल्या दिवशी येऊन पाहून गेल्या आणि एकच विचारत होत्या, की भाजी कधी करता. माझी थोरली जाऊ शेजारच्याच घरात राहते. ती चष्मा लावून पाच मिनिटं पाहत बसली आणि म्हणाली, "एवढूसा जीव, याच्यात मसाला बी वाया जाईल." दुसऱ्या दिवशी मी त्यांना पपई चिरून घालताना पाहिलं तेव्हापासून तिनं त्यांचं नाव घरजावई पाडलं. रोज सकाळी भिंतीपलीकडून विचारायची, घरजावयांचा चहा झाला का. मी म्हणायची, हौ, झाला, तुमची वाट पाहून राह्यले.

तीनातला एक मात्र पहिल्याच महिन्यात मेला. ते माझ्या चुकीनं, हे कबूल करते. वैशाखाची लू चालली होती. मला वाटलं, बिचाऱ्यांना गरम होत असेल, म्हणून मी त्यांना पंख्याखाली परातीत ठेवलं. मला काय माहीत, की हा खेकडा ओल्या हवेतच श्वास घेतो, आणि आपली कोरडी हवा त्याच्या छातीत काटे भरते. दोन दिवसांत तो शंखातून अर्धा बाहेर लोंबला आणि तिसऱ्या दिवशी असा वास सुटला की काय सांगू. समुद्र कधी पाहिला नाही मी, पण त्या दिवशी समुद्र सडला तर कसा वास येईल ते कळलं.

मग मी हट्टाला पेटली. म्हटलं, शाळा चौथीत सुटली म्हणून शिकणं सुटलं काय? मोबाइलवर बोललं की तो शोधून देतो, एवढं मला येते. कोणी हिंदीत सांगितलं, कोणी इंग्रजीत हात दाखवून सांगितलं, मी हात पाहून शिकली. आमचे हे असताना मासे पाळायचे, त्यांची मोठी काचेची पेटी ओसरीत रिकामी पडली होती. ती घासली. तिच्यात वीतभर जाड वाळू घातली, मुठीत धरली तर गोळा बसेल इतकी ओली. वरून काच, काचेवर भिजवलेलं गोणपाट. आत दोन वाट्या, एक गोड्या पाण्याची आणि एक खाऱ्या पाण्याची. नळाचं पाणी नाही, त्याच्यात औषध असते, विहिरीचं. पाकिटातलं मीठ नाही, खडा मीठ. आणि रंग नसलेले चार मोठे शंख पेटीत ठेवले, घर बदलायचं असेल तर बदला बाबा. आठ दिवसांच्या आत मोठ्या खेकड्यानं बॅटवाला शंख सोडला आणि साधा मातकट शंख घेतला. त्याला कोणी शिकवलं होतं? पण रंग कोणाला पाहिजे होता ते कळलं. विकणाऱ्याला पाहिजे होता, खेकड्याला नाही.

माझा मुलगा सुट्टीत आला तेव्हा हसला. तो आता घरातही हिंदीतच बोलतो. म्हणाला, अम्मा, इस उमर में लोग भजन करते हैं. मी म्हटलं, भजन मी करते, सकाळी सहाला करते, तू तेव्हा झोपलेला असतोस. गावात बातमी झाली की हिचं डोकं फिरलं, नवरा गेल्यावर किडे पाळून राह्यली. वारासिवनीहून आलेली एक पाहुणी तर ओसरीतून न जाता मागच्या दारानं गेली. जाऊ दे. ज्या बायांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं, दुसऱ्यांची ढोरं, दुसऱ्यांचे पाहुणे सांभाळले, त्यांना कोणी काही विचारत नाही. मी माझ्या मर्जीनं दोन जीव सांभाळले तर सगळ्यांना त्याचं कारण पाहिजे. मी कारण देत नाही.

आता मुद्द्यावर येते. यंदा आषाढ लागला आणि मोठा खेकडा वाळूत घुसला. पहिल्या दिवशी मला वाटलं, खेळतो आहे. दुसऱ्या दिवशी वर नाही, चौथ्या दिवशी नाही. मोबाइलनं सांगितलं की तो कात टाकायला जमिनीत जातो, तेव्हा त्याला हात लावू नका, उजेड दाखवू नका, महिना लागेल, दोन महिने लागतील. मी पेटीच्या त्या बाजूला काळं कापड लावलं. लहान खेकडा एकटाच वर फिरायचा आणि त्या जागेवर येऊन थांबायचा. तो काही दुःख करत नसेल, मला माहीत आहे, पण थांबायचा.

महिना झाला. जावेनं विचारणं बंद केलं आणि सांगणं सुरू केलं. मेला तो. मेलेलं घरात ठेवू नये. श्रावण चालू आहे. मी म्हणायची, वास कुठे आहे? ती म्हणायची, वाळूनं दाबला असेल. मलाही आतून धाकधूक होती, हे आज लिहिते, तेव्हा कोणाला म्हटलं नाही. कारण एकदा का मी "काय माहीत" असं म्हटलं असतं, तर त्याच दिवशी पेटी बाहेर गेली असती.

पोळा झाला. बैलांची पूजा झाली, दारात पळसाच्या फांद्या रोवल्या. दुसऱ्या दिवशी नारबोद. बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी आमच्याकडे घरातली सगळी पीडा गावाबाहेर काढतात. जुना झाडू, फुटलं सूप, फाटकी टोपली, दारातल्या फांद्या, सगळं घेऊन पोरं ओरडत जातात, खासी-खोकला, माशी-मच्छर, रोगराई घेऊन जा गे नारबोद. शिवेवर नेऊन टाकतात. ही आमच्या घरची रीत जाऊच सांभाळते. कोणत्या घरातून काय निघालं, सगळं तिला पाठ.

त्या सकाळी मी मागच्या अंगणात विहिरीवर होती. पाण्याची बादली घेऊन ओसरीत आली तर पेटीवरचं गोणपाट खाली, काच बाजूला, आणि जाऊ हातात उलथनं घेऊन वाळूत खणून राह्यली. बाजूला तिची फाटकी टोपली, तिच्यात जुना झाडू. तिनं मला पाहिलं आणि दोन बोटांत धरून एक नांगी वर केली. मागे पाय, एकेक करून, कागदावर मांडलेले.

"पहाय," ती म्हणाली. "मी काय म्हणत होती? तुकडे झाले त्याचे. आता हे पुरं खोकं नारबोदवर गेलं पाहिजे. पोरं येऊन राह्यले, उचलायले सांगतो."

माझ्या हातातली बादली मी खाली ठेवली की पडली, आठवत नाही. पायावर पाणी आलं एवढं आठवते. मला वाटलं, संपलं. दोन महिने मी ओल्या गोणपाटाखाली मढं सांभाळलं आणि सगळी गल्ली खरी निघाली. पण हात आपोआप पुढे गेला आणि मी ती नांगी तिच्याकडून घेतली. आणि ती हलकी लागली. बाई, लाहीसारखी हलकी. मी उजेडाकडे धरली तर आरपार दिसत होती, आत काही नाही, मांस नाही, पाणी नाही. जुन्या बांगडीसारखी पोकळ.

मी ती जावेच्या नाकाशी नेली. म्हटलं, "वास घ्या जाऊबाई. तुम्ही बी बांधीतल्या, मी बी बांधीतली. मेलेला खेकडा एक रात्र भाजीच्या गंजात राह्यला तर चार घरं उठतात. घ्या वास."

तिनं तोंड फिरवलं, मग घेतला. पुन्हा घेतला. तिचं नाक खोटं बोलत नाही, हे तिलाही माहीत आहे. गल्लीत कोणाचं दूध नासलं ते ती घरात बसून सांगते.

पोरं फाटकाशी आली होती. तिनं आवाज थोडा खाली आणला. "मंग हे काय आहे?"

"कात आहे. सापाची असते तशी. आतला तो खाली आहे."

"तुले दिसला काय?"

खड्ड्यात वाकून पाहिलं तर खोल, वाळूतून शंखाची कड दिसत होती. हलत नव्हती. मी बोट लावलं नाही. लावलं असतं तर कळलं असतं, मेला की जिवंत, पण लावायचं नसते, हे मला माहीत होतं. जिवंत असला तर त्याचं अंग त्या वेळी लोण्यासारखं असते. म्हणून मी वाळू हळूहळू परत लोटली, काच लावली, गोणपाट टाकलं आणि पेटीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. पाय ओले, पदर ओला. समोर जाऊ, मागे फाटकाशी पोरं, सगळे पाहून राह्यले.

तेव्हाच तुला फोन लावला होता मी, आठवते? वाटलं, तू तरी म्हणशील, आत्या, थांब. तू काय म्हणालीस ते वर लिहिलंच आहे. फोन स्पीकरवर होता. जावेनं ऐकलं. तिची मान वर झाली.

मी फोन ठेवला आणि म्हटलं, "नारबोद रोग नेते, जाऊबाई. रोगी नाही नेत. तुमच्या सासूबाई सहा महिने खाटेवर होत्या, तेव्हा तुम्ही त्यायले टोपलीत घातलं होतं काय?"

हे बोलायला नको होतं, असं आज वाटते. त्या माझ्याही सासूबाई होत्या आणि त्यांची सेवा जावेनंच जास्त केली. पण तिच्यावर ते लागलं. ती म्हणाली, "नारबोदले काहीतरी द्यावं लागते. तुह्या घरातून आज काहीच नाही निघालं."

हे मात्र खरं होतं. मी आत गेली, खिडकीवरचा बॅटवाला शंख आणला. त्याचे रंगाचे पापुद्रे सुटून राह्यले होते. तो तिच्या टोपलीत, झाडूवर ठेवला. पोरांनी टोपली उचलली आणि ओरडत गेली. जाऊ त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेली आणि तिथूनच आपल्या घरी गेली.

त्यानंतर ती बारा दिवस बोलली नाही. भिंतीपलीकडून आवाजच बंद. मीही नाही बोलली. मी रोज गोणपाट भिजवायची, वाट्यांतलं पाणी बदलायची आणि पेटीशी भाजी निवडत बसायची. कोणी विचारलं तर म्हणायची, आहे खाली.

तेराव्या दिवशी सकाळी पेटीत दोघं होते. लहान पपईवर, आणि मोठा पाण्याच्या वाटीत, गुलाबी, नवा, डोळे काळे चकचकीत. मोठा झाला होता, इतका की शंखात मावेना. पाय आत घेतले तर नांगी बाहेर राहायची. पेटीतले दुसरे शंख त्याने एकेक उलटसुलट करून पाहिले, एकही बसेना. सगळे अंगाला छोटे. उघडा राहिला तर वाळून मरेल, पहिल्यासारखा. आता समुद्र कुठून आणू?

मी ओरडली नाही, पण हे मोठ्यानं बोलून गेली, ते भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल. जाऊ आली. दारात उभी राहून त्याला बराच वेळ पाहिलं. मग गेली. दुपारी परत आली तर पदरात काहीतरी. तिच्या शेतातल्या बांधीत घोंगे असतात ना, गोगलगायीसारखे, गोल, मोठ्या तोंडाचे, त्यातला एक रिकामा, उकळून, राखेनं घासून आणलेला.

"घे," ती म्हणाली. "घरजावयाले घर."

आम्ही दोघी पेटीशी बसलो. त्यानं त्या घोंग्याच्या तोंडात नांगी घातली, आतून सगळं चाचपलं, उंबरठा मोजल्यासारखा. मग एकदम, डोळ्याला लागेल न लागेल एवढ्या वेळात, तो त्या शंखातून निघाला आणि ह्यात गेला. मधल्या त्या क्षणाला त्याचं मऊ, वळलेलं, उघडं अंग आम्ही पाहिलं. जावेनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, पुरीचा प्राणी आमच्या धानाच्या बांधीत आला, आता याले हाकलायचं नाही.

मीही हेच म्हणत होती, दोन पावसाळे.

तर बाई, तो आहे. तू मेला म्हटलं होतंस, तो आहे, आणि बालाघाटच्या घोंग्यात फिरतो आहे. लहानगाही आता वाळू उकरून राह्यला, त्याचीही वेळ आली. त्याच्यासाठी घोंगे मोठे पडतील, चार लहान शंख लागतील, साधे, रंग नसलेले. ते घेऊन ये. गोंदियापर्यंत रेल्वे आहे, पुढे राजेगाववरून बस येते, दिवाळीची वाट पाहू नको, लहानगा खाली जायच्या आत ये. सकाळी ये, दोघं तेव्हाच वर असतात. आणि आल्याबरोबर आधी शेजारच्या घरी जाऊन जावेच्या पाया पड, तुझं "फेकून दे" तिनं फोनवर ऐकलं आहे, आणि तरी त्याला घर तिनंच दिलं.