तात्यांनी वाचून घेतलेला अर्ज

इंदापूरच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे तात्या लिहिलेला कागद कधीच मुकाट्याने हातात देत नसत. आधी तो अर्जदाराकडून मोठ्याने वाचून घेत आणि ऐकताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. माणूस अडखळला की त्यांचं पेन पुढे यायचं. "हितं अडलास. म्हंजे हे खरं न्हाय. काढू का?" मागे रांग खोळंबलेली असली तरी त्यांना फिकीर नसे.

मी त्यांच्याकडे गेले ती वडिलांच्या जमिनीच्या दाखल्यासाठी. जर्मनीतल्या एका विद्यापीठात पाणी व्यवस्थापन शिकायला मला प्रवेश मिळाला होता, व्हिसाची मुलाखत पंधरा दिवसांवर होती आणि फायलीत तो दाखला हवा होता. तात्यांनी सगळी फाईलच मागून घेतली आणि त्यातलं इंग्रजी पत्र वर धरलं.

"ह्ये कुणी लिवलं?"

"बारामतीच्या एजंटनं. मला तिकडं का शिकायचंय, ते आहे त्यात."

"तुला का शिकायचंय ते त्याला कसं ठावं? वाच. मराठीत सांगत सांगत वाच."

मी वाचू लागले. लहानपणापासून मला म्हणे जगाच्या पाणीटंचाईने झपाटलं होतं. ठिबकच्या एका कंपनीत मी दोन वर्षं नोकरी केली होती. त्या कंपनीत मी एकदा वडिलांबरोबर नळ्या आणायला गेले होते, तेवढाच आमचा संबंध. त्या नोकरीच्या वाक्याला मी अडखळले. तात्यांनी पत्राची घडी घालून मला परत दिलं.

मला राग आला. इंग्रजीचं अक्षर न कळणारा माणूस माझ्या व्हिसात नाक खुपसत होता. एजंटकडची पोरं जातात की, असं मी त्यांना फटकन ऐकवलंही.

"जात असतील," तात्या म्हणाले. "पर तू अडखळतीस. सायबापुढं काय करशील?"

मग कोरा कागद घेऊन ते वरकुट्यातल्या आमच्या रानाबद्दल विचारत गेले. आमची जमीन कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला. पाण्याची पाळी आमच्यापर्यंत येईतो चारीत चिखल उरायचा. भांडण नको म्हणून वडील गप्प बसायचे. बारावीत असताना मी कुणाला किती तास पाणी मिळतं ते वहीत लिहिलं आणि ती वही घेऊन थेट कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या दारात गेले. यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. तात्यांनी मात्र "अर्जदार विनंतीपूर्वक कळविते की" पासून सगळं लिहून काढलं आणि माझ्याकडून वाचून घेतलं. मी कुठेच अडले नाही.

त्याचं इंग्रजी मीच केलं. एजंटच्या पत्रापुढे ते अगदी गबाळं दिसत होतं, तरी मुंबईला मुलाखतीला जाताना मी तेच फायलीत लावलं. व्हिसा नाकारला असता तर प्रवेश गेला असता, आणि आणखी एक वर्ष थांबायची घरच्यांची तयारी नव्हती. स्थळं यायला लागली होती.

खिडकीपलीकडच्या बाईंनी पत्र वाचून विचारलं, त्या वहीचं पुढे काय झालं? मी सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात पाळी खालच्या टोकाकडून सुरू झाली. एकच वर्ष. मग पुन्हा पहिल्यासारखं. ते टिकवायचं कसं, तेच मला शिकायचंय. हे मला कुणी पढवलं नव्हतं, आपसूक तोंडातून आलं. बाईंनी मान डोलावली.

पासपोर्ट घरी आला त्याच दिवशी मी इंदापूर गाठलं. तात्यांनी व्हिसाचं पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं. "वाच."

मी माझं नाव वाचलं. देश वाचला. तारखेपाशी आले आणि इतक्या दिवसांचं दडपण एकदम उतरलं. डोळे भरून आले, पुढचा शब्द फुटेना.

सवयीने तात्यांचं पेन पुढे आलं. मग त्यांनी त्याला टोपण लावलं.

"अडलीस व्हय? ऱ्हाऊ दे. हे खरं हाय."