सुनेच्या हातचा उतार

घरातलं बांधकाम कुणी स्वतःच्या हाताने करायला घेतलं, की आमच्या मेहरूणच्या कॉलनीत लोक एका खास नजरेने बघतात. आधी त्यात कीव असते, मग करमणूक, आणि शेवटी खात्री की या घरात काहीतरी बिनसलं आहे. मला त्या नजरेची शिसारी येते. हात जोडून, समजून घेऊन वगैरे मी बरंच बघितलं, शिसारी काही गेली नाही.

माझ्या सासऱ्यांना, आबांना, अर्धांगाचा झटका येऊन गेला. त्यातून ते उठले, वॉकर धरून घरात फिरायला लागले, पण दारापुढच्या पायऱ्या काही उतरता येईनात. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक बाक आहे. कॉलनीतले म्हातारे संध्याकाळी तिथे जमतात, बहुतेक आबांसारखेच धुळ्या-सोनगीरकडचे, शेतं पोरांवर सोपवून आलेले. आबा खिडकीत बसून त्यांचं बोलणं ऐकायचे आणि आतूनच हुंकार द्यायचे. बाहेरच्यांना तो ऐकू जात नसे. मला रोज स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

पायऱ्यांच्या एका बाजूने उतार करून घेतला की झालं, एवढंच काम होतं. पण एवढंच होतं म्हणूनच कुणी मिस्त्री यायला तयार नव्हता. प्रत्येकाचं 'उद्या' ठरलेलं. नवरा म्हणायचा, "सांगून ठेवलंय." सांगून ठेवणं हे आमच्या घरातल्या पुरुषांचं आवडतं काम, त्यात हात मळत नाहीत.

शेवटी मीच विटा, वाळू, खडी आणि सिमेंट मागवलं. फोनवर व्हिडिओ बघितले, जुना पंजाबी ड्रेस चढवला आणि एका रविवारी सकाळी अंगणात बसले. थापी हातात घेतली तेव्हा मला माहेर आठवलं. आमच्या रावेरकडच्या घरात दिवाळीच्या आधी आई भिंती पोतारायची, जमीन सारवायची, चूलसुद्धा तीच घालायची. तिला कुणी मजूर म्हटलं नाही. उलट बायका म्हणायच्या, हाताला काय वळण आहे! शेणामातीने भरलेला बाईचा हात गुणाचा असतो. त्याच हाताला सिमेंट लागलं की लगेच घराण्याची अब्रू जाते, हे मला त्या रविवारी कळलं.

समोरच्या वहिनी पहिल्यांदा आल्या. "अगं बाई, माणूस नाही मिळाला का?" त्यांच्या मागून त्यांचे मिस्टर आले, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिले आणि सिमेंटचा माल पातळ झाल्याचं सांगून गेले. त्यांनी आयुष्यात स्वतःच्या घरातला बल्बही बदललेला नाही. दुपारपर्यंत कुणीतरी माझा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता. मी उकिडवी बसलेली, तोंडावर सिमेंट. खाली हसरी तोंडं आणि 'आमच्याकडे पण काम आहे, रेट काय?' नवऱ्याने तो फोटो मला दाखवला. तो चिडला होता, पण फोटो टाकणाऱ्यावर नव्हे. "जरा मागच्या बाजूला तोंड करून बसली असतीस," म्हणाला. त्या क्षणी मला त्याच्या नीट इस्त्री केलेल्या शर्टाचीही किळस आली.

माल ओला असतानाच मी खराट्याने त्यावर आडव्या रेघा ओढल्या, वॉकर घसरू नये म्हणून. आबा दारात खुर्ची टाकून बघत होते. मग म्हणाले, "मनी माय सारवे तवय आशाच रेघा काढे." बोलायला जड जात असूनही त्यांनी ते पूर्ण वाक्य म्हटलं. मला फार बरं वाटलं. पोती टाकून, पाणी मारून उतार पक्का झाला आणि एका संध्याकाळी आबा वॉकर टेकत स्वतः बाकापर्यंत गेले. परतताना त्यांच्या टोपीवर कडुनिंबाचा पाला पडलेला होता, तो त्यांनी झटकू दिला नाही.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. पितरांची घागर भरायला धुळ्याहून मोठे दीर, भाऊ, सहकुटुंब आले. फाटकातच थांबले, उताराकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाले, "हाई काय शे? बठ्ठा कॉलनीना लोके हसी राहिनात." फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता. जेवताना आमरसाच्या वाट्या रिकाम्या करत त्यांनी त्यांच्या आईचं, माझ्या गेलेल्या सासूबाईंचं कौतुक केलं. सोनगीरचं अख्खं घर ती एकटी सारवायची, कधी बाई लावली नाही, असं सांगताना त्यांचे डोळे भरून आले. आणि बोटं चाटत त्याच दमात मला म्हणाले, "आपल्या घरच्या बाईने घमेलं उचलायचं? शोभतं का?" एकाच तोंडाने, एकाच घासाबरोबर. मला पुढचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नोकरीवर गेले होते. मला जो मिस्त्री इतके दिवस मिळत नव्हता तो भाऊंच्या एका फोनवर दोन माणसं घेऊन हजर झाला. संध्याकाळी घरी आले तर माझ्या उतारावर काळा ग्रॅनाइट चकचकत होता. त्यात आकाश दिसत होतं, फाटक दिसत होतं. "आता घराला शोभतंय," भाऊ म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, यावरून आबा घसरतील." ते हसले. शेजारपाजारचे येऊन ग्रॅनाइटवर हात फिरवून गेले. त्या गुळगुळीतपणाचं केवढं कौतुक!

भाऊ धुळ्याला परतले आणि त्याच आठवड्यात आबा घसरले. वॉकर पुढे गेला, ते मागे राहिले. मनगट मोडलं. बघायला आलेल्या समोरच्या वहिनी आबांच्या उशाशी बसून म्हणाल्या, "काहीही म्हणा, खालचं काम कच्चं होतं ना, बाईच्या हातचं." नवरा शेजारीच उभा होता. त्याने त्यांना चहा विचारला. भाऊंनीही फोनवर खालचं काम कच्चं असल्याचंच सांगितलं. घसरणारा दगड त्यांचा, आणि दोष दगडाखालच्या माझ्या सिमेंटचा! इतकं निर्लज्ज खोटं इतक्या शांतपणे बोलता येतं हे मी तेव्हा बघितलं.

आबा पुन्हा खिडकीत बसायला लागले. हुंकारही देत नव्हते आता.

मी छन्नी आणि हातोडा आणला. भर सकाळी, सगळे गॅलरीत असताना, तो ग्रॅनाइट फोडून काढला. कुणाला फोटो काढायचा असेल त्याला दिसेल अशी तोंड रस्त्याकडे करून बसले. वर मालाचा नवा थर दिला, खराट्याने पुन्हा रेघा ओढल्या, या वेळी जास्त खोल. हातमोजे पहिल्याच तासात फाटले आणि सिमेंटने बोटं चिरली.

मनगटाचं प्लास्टर निघालं तरी आबा उंबऱ्याशी अडून राहायचे. शेवटी एका संध्याकाळी मी मागून धरते म्हटल्यावर निघाले. वॉकर रेघांवर घट्ट बसत होता, जराही हलला नाही. बाकावरच्यांनी सरकून जागा केली. त्यातल्या एकाने विचारलं, "आबा, हाऊ उतार सूननीच बनाडा ना?"

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नही रे," ते म्हणाले. "मोठा पोऱ्यानी करी दिन्हा."

बाकावर बसलेल्या प्रत्येकाने मला तिथे थापी घेऊन बसलेलं बघितलं होतं. दोन्ही वेळा. सगळ्यांनी समाधानाने माना हलवल्या. मी आबांना बाकावर नीट बसवलं, वॉकर त्यांच्या हाताशी ठेवला आणि त्यांच्या मागे उभी राहिले. माझ्या बोटांच्या चिरांमधलं सिमेंट अजून निघालं नव्हतं.