पोस्टरवरचे बाबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. तुम्हाला तरी कुठून सुरुवात करून सांगू?

अभिमानापासूनच सांगते. माझे बाबा वेल्डर आहेत — इथे आखातात, शुऐबाजवळच्या एका यार्डात जहाजांचे पत्रे जोडतात. नवी मुलं आली की त्यांच्याच हाताखाली देत, कारण बाबांना कधी साधं खरचटलंही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तिथे आम्हाला महायुद्धातली पोस्टरं शिकवली — ‘जहाजं बांधा’ असं सांगणारी. रुंद खांद्यांचे कामगार, आजूबाजूला ठिणग्या. तसंच पोस्टर आजच्या माणसाचं करायचं होतं. बाकीचे नेटवर माणसं शोधत बसले. मला शोधायची गरजच नव्हती!

बाबांचे मित्र सावंतकाका, त्यांच्या वर्कशॉपची चावी घेऊन शुक्रवारी सकाळी आम्ही दोघंच गेलो. फोटो झकास आले, पण तोंडावर वेल्डिंगचा मास्क. पोस्टरमधले चेहरे तर उघडे असतात ना?

“बाबा, एकदाच वर करा.”

“बाय, ते चित्र काढणाऱ्याने वेल्डिंग केलेलं नसणार.”

तरी मी हट्ट सोडला नाही. मी ‘एकदाच’ म्हणाले आणि — ठिणग्या उडत असताना चारदा मास्क वर करायला लावला.

संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. आर्क लागला होता, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत उजेडाने डोळे भाजले होते. दोन दिवस डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून होते. सावंतकाका बघायला आले. “काय मिस्त्री, मास्क नाही म्हणून पोरांना टपल्या मारायचात, आणि स्वतः?” सगळे हसले. बाबा म्हणाले, “चुकलो खरा.” मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी होते. तेव्हा का बोलले नाही?

गोष्ट यार्डात पोचली; नवी आलेली मुलं पुढे बाबांऐवजी दुसऱ्याकडे दिली.

पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात आले, लोकांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. माझा ऊर भरून आला होता — आजही त्या पोस्टरसमोरून जाताना येतो. त्या दिवशी आमच्या मॅडमनी हिंदीत विचारलं, “मास्क नहीं पहनते?” आणि मी पटकन म्हणाले, बाबांना सवय आहे, ते असंच काम करतात.

बाबांच्या समोरच म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं — आणि हो म्हणून मान हलवली.

ते कधीच तसं काम करत नाहीत. मास्क मी वर करायला लावला होता.