क्रूझ कंट्रोल आणि तीनताल

आमच्या ह्यांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा मुलाने नवी गाडी घेऊन दिली. मुलगा हिंजवडीला आयटीत. त्याच्या लेखी जगातल्या प्रत्येक दुखण्याला कुठे ना कुठे बटण असतंच.

"बाबा, ह्यात क्रूझ कंट्रोल आहे. हायवेला स्पीड सेट करायचा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्यायचा. गाडी आपली आपण त्याच वेगाने जाते."

मला त्या बटणाचं कौतुक का, तर माझी थोरली बहीण साताऱ्याला अंथरुणाला खिळलेली. महिन्यातून एकदा तिला डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. एसटीचे धक्के कमरेला सोसत नाहीत, आणि ड्रायव्हर ठेवू म्हटलं की ह्यांचं ठरलेलं, "जन्मभर शनिवार पेठेत गाडी चालवली, आता परक्याच्या मागे गाठोड्यासारखा बसू?" तेव्हा बटण चाललं तर बहीण, नाही तर फोन.

आणि बटण काही धड चालेना. कात्रजचा बोगदा मागे पडला, रस्ता मोकळा झाला, ह्यांनी स्पीड लावून पाठ टेकली, की थोड्या वेळाने डॅशबोर्डवरचा क्रूझचा हिरवा दिवा गुल! गाडी मंदावायची, मागचा ट्रक बोंबलायचा, ह्यांना दचकून ॲक्सिलरेटर दाबावा लागायचा. पुन्हा बटण, पुन्हा दिवा, पुन्हा गुल. खंबाटकी चढेतो गुडघ्याचा नारळ व्हायचा, आणि शिव्या ऐकायला मी होतेच शेजारी.

मग वर्कशॉपच्या चकरा. तिथला टाय लावलेला तरुण प्रत्येक वेळी कॉम्प्युटर जोडायचा आणि म्हणायचा, "अंकल, सिस्टिममध्ये एकही एरर नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही, अंकल."

"मग कसं?"

ब्रेकच्या पेडलमागे म्हणे एक बारकासा स्विच असतो. ब्रेकला पाय लागलाय असं त्याला वाटलं, की क्रूझ सुटतं. तो बदलला. दिवा गुल. स्टिअरिंगवरची बटणं बदलली. दिवा गुल. त्यांचा माणूस हायवेवर फिरवून आला, तर चोख. मुलगा लोणावळ्याला जाऊन आला, "बाबा, एकदम मक्खन!"

"गाडीला माझंच वावडं आहे," हे म्हणाले. "ह्या खेपेला जाऊन येऊ. त्यानंतर साताऱ्याचं नाव काढू नकोस."

दुखण्याने बोलत होते, कळत होतं मला. तरी त्या दिवशी मी आमटीत मीठ घातलं नाही. मुद्दाम.

तर ती शेवटची खेप. मी मांडीवर बहिणीसाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन बसले होते आणि घाबरले की बोलते, तशी एकसारखी बोलत होते. बोगदा गेला, बराच रस्ता गेला, दिवा जळतोय!

"तू बोलतेस तोवर चालतंय," हे म्हणाले. "मध्ये बोलायची त्याचीही हिंमत होत नसेल."

मी रुसून गप्प झाले. तशी ह्यांनी नेहमीची नाट्यसंगीताची सीडी लावली. गाणं रंगात आलं, हे "वाहवा!" म्हणाले, आणि दिवा गुल. पुन्हा लावला. पुन्हा "वाहवा!", पुन्हा गुल. एवढ्यात डब्याचं झाकण घरंगळलं. ते उचलायला वाकले, तर काय! ह्यांचा डावा पाय क्लचवर, आणि ठेका धरलेला. लहानपणी तबला शिकलेले. आता दोन्ही हात स्टिअरिंगला अडकलेले, म्हणून ताल पायात उतरला होता!

"अहो, डावा पाय काढा!"

"डाव्याला काय झालंय? दुखतो तो उजवा."

"क्लचवर तीनताल वाजवताय तुम्ही!"

"उगाच काहीतरी."

"लावा पुन्हा बटण. आता सम आली की दिवा जाणार. बघाच."

सम आली. पाय दबला. दिवा गेला.

क्लच दाबला तरी क्रूझ सुटतं, हे आम्हाला साताऱ्याच्या रस्त्यावर असं कळलं.

"त्या टायवाल्याने सांगायला नको?" हे म्हणाले.

"काय विचारणार होता तो? अंकल, तीनतालात चालवता की झपतालात?"

डावा पाय टेकायला बाजूला चांगली जागा केलेली आहे. ह्यांनी तो तिथे ठेवला. पण जन्म गेला पेठेत, क्लच सोडला तर समोरच्याच्या दुकानात शिरू अशा बोळांतून. मुखडा आला की पाय निघालाच सरकत. सीडी बंद करा म्हटलं, तर म्हणाले, "गाण्याशिवाय जायचं तर एसटी काय वाईट?"

हात टेकले मी. म्हणजे डब्याच्या झाकणावरच टेकले आणि धरला ताल. "पाय हलवायचा नाही. ठेका मी देते."

पाय राहिला जागेवर. तोंड कुठलं राहायला!

"सम चुकली."

"बरं."

"लय धावतेय तुझी. गाडी बघ, कशी एका लयीत चाललीय."

साताऱ्यापर्यंत दिवा एकदाही गेला नाही. हे गाडीतून उतरले ते सरळ चालत दारापर्यंत आले.

बहिणीने उशीवरूनच विचारलं, "भावोजींचा गुडघा कसा आहे गं?"

"त्याला काय धाड भरलीय? माझा तळवा बघ," मी लालबुंद हात तिच्यापुढे धरला.

दारात चपला काढता काढता हे म्हणाले, "पुढच्या महिन्यात येताना हिच्याकडून झपताल बसवून घेतो."