तळचा भोवरा

स्वप्नालीला एका जागी बसवत नव्हतं. जतकडं पाणी नेणाऱ्या उपसा योजनेचा एक पंप चालू केला की थडथडायचा, म्हणून बंद ठेवला होता. सांगलीच्या कॉलेजात शिकवणारी स्वप्नाली वाहत्या पाण्यातले भोवरे संगणकावर हुडकायची, म्हणून दुखणं शोधायचं काम तिच्याकडं आलं. आणि योजनेच्या शेवटाला तिच्या बापाची, आकारामची, मेंढरं टँकरच्या पाण्यावर तगली होती.

पंपाच्या हौदात पाण्याच्या वरच्या अंगाला हवा ओढणारा एक भोवरा सगळ्यांनाच दिसायचा. तिच्या सांगण्यावरून तो मोडायला त्यावर तरंगता तराफा बांधला. भोवरा मोडला.

"मॅडम, थडथड हाय तशीच हाय," पंपावरच्या नाथाजींचा फोन आला.

ती पुन्हा पडद्यासमोर बसली. पाणी गरगरतं तिथं तांबडा रंग भरायचा, असा तिचा प्रोग्राम होता. पण भिंतीला घासून जाणारं पाणीही त्याला गरगरतंय असंच वाटायचं. सगळा हौद तांबडाभडक. म्हणून तिनं बारीकसारीक गरगर गाळली होती. चित्र स्वच्छ झालं आणि ती त्यावर भुलली. भिंतींबरोबर आणखी काय पुसलं गेलं? वर्गात शिकवतानाही हेच डोक्यात.

"पाणी कवा सुटणार गं?" आकारामनं फोनवर विचारलं.

"बघतेय आप्पा."

"बघ बाई. हिरीत नुसता गाळ राह्यलाय."

तिनं हिशेबच बदलला. घासण्यानं नुसतं ताणलं जाणारं पाणी वेगळं काढलं. जिथं फिरणं त्या ताणाला भारी पडतं, तेवढीच जागा ठेवली. भिंती पुसल्या गेल्या. पंपाच्या तोंडाखाली, तळापासून उठलेली एक बारीक तांबडी दोरी उरली, म्हणजे दुसराच भोवरा.

तिचा विश्वास बसेना. एकदा फसली होती. प्रयोगशाळेत त्या हौदाचा, पंपाच्या तोंडासकट, काचेचा छोटा नमुना होता; त्यात तिनं नळीनं तळाशी शाई सोडली. शाई विस्कटली. परत विस्कटली. वैतागून नळी जरा सरकवली, तशी शाई पीळ घेत सरळ पंपाच्या तोंडात चढली.

"हाच!" ती रिकाम्या खोलीत ओरडली.

भोवऱ्याला तळाशी जागाच मिळू नये म्हणून योजनेच्या लोकांनी हौद उपसून पंपाच्या तोंडाखाली काँक्रीटचा सुळका उभारला. पंप चालू झाला. नाथाजींनी पाइपावर तळहात ठेवला आणि हसले.

"गप झाला बघा."

पाणी जतला पोचलं. "मेंढरं पोटभर प्याली गं," आकाराम सांगत होता. स्वप्नालीचे डोळे भरून आले. तरी फोन ठेवताच तिनं नाथाजींना फोन लावला.

"शेजारच्या पंपाचं तोंडही तसंच आहे ना? उद्या येते."